'काम काढा' म्हणजे सुरू करा की उडवा?

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यातून विचारणा आली आहे. तिथे कामांची नोंद ठेवायला नवं सॉफ्टवेअर घेतलंय, आणि शॉपवरच्या, म्हणजे यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांसाठी एक पानभर मराठी सूचना लिहिण्याची जबाबदारी विचारणाऱ्या ताईंवर आली. 'प्रोजेक्ट सेट अप करणे' आणि 'प्रोजेक्ट फाइंड करणे' याला मराठीत काय म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. यंत्राने भाषांतर करून दिलं ते 'प्रकल्प निर्माण करा' आणि 'प्रकल्प शोधा'. ते वाचून सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, धरण बांधायचंय का आपल्याला?"

सुपरवायझरांचा कान शाबूत आहे. 'प्रकल्प' शब्दात खोट काही नाही. कल्पना, संकल्प, विकल्प ही त्याची सख्खी भावंडं. पण शब्दाला संगतीचा वास लागतो. मराठीत प्रकल्प म्हटलं की जलविद्युत प्रकल्प, एकलहऱ्याचा औष्णिक वीज प्रकल्प, मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प. ज्याची जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त. इगतपुरीकडच्या माणसाला 'तुमच्या गावात नवीन प्रकल्प येतोय' असं सांगून बघा, तो आधी सातबारा शोधायला घेईल. कळवणला 'प्रकल्प कार्यालय' म्हणजे आदिवासी विकास विभागाचं. अंगणवाडीताईंच्या साहेब म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी. दुसऱ्या टोकाला शाळेतली प्रकल्पवही आणि आदल्या रात्री साडेनऊला आठवलेला पुठ्ठा. धरण नाहीतर थर्माकोल, मधलं काही नाही. तीनशे ब्रॅकेटच्या ऑर्डरला हा शब्द बसणार कुठे?

मग त्या मधल्या मापाच्या गोष्टीला आपण म्हणतो काय? सरळ 'काम' म्हणतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल यांचं जे चाललंय त्याला नाशिकमध्ये सगळे 'सिंहस्थाची कामं' म्हणतात. रस्त्याच्या कडेला लावलेला सरकारी फलक एकदा थांबून वाचा: कामाचे नाव, ठेकेदाराचे नाव, कामाची किंमत, काम सुरू केल्याचा दिनांक, काम पूर्ण करण्याची मुदत. सॉफ्टवेअरमधली नव्या प्रोजेक्टची खिडकी याहून वेगळं काही विचारत नाही. नाव, जबाबदार कोण, सुरुवात कधी, शेवट कधी. भाषांतरकाराने यंत्राला विचारण्याऐवजी त्या फलकावरची धूळ पुसली असती तर निम्मं पान तयार होतं.

एक अडचण मात्र खरी आहे. प्रोजेक्टच्या पोटात टास्क असतात, आणि टास्कही कामच. "या कामातली किती कामं झाली?" हे वाक्य तोंडी चालून जातं, पडद्यावर घोळ घालतं. माझं मत विचाराल तर टास्कला टास्कच राहू द्या, शॉपवर तो शब्द रुळलेला आहे. 'पोटकाम', 'उपकार्य' असलं काही घडवू नका. 'जॉब' मात्र टाळा. कचेरीत जॉब म्हणजे ऑर्डर असेल, पण लेथवरच्या माणसाला जॉब म्हणजे चकमध्ये धरलेला तो लोखंडाचा तुकडा, आणि घरी त्याच्या मुलाला जॉब म्हणजे नोकरी.

(हे शब्द धंद्यानुसार बदलतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना असं सॉफ्टवेअर दिलंत तर तिथे 'प्रोजेक्ट'च्या जागी 'प्लॉट' लिहा, कारण छाटणी, फवारणी, निर्यातीची नोंदणी सगळं प्लॉटवार चालतं. आणि इंग्रजीवाल्यांचं तरी कुठे ठरलंय? जिरा या नावाजलेल्या सॉफ्टवेअरने २०२५ मध्ये 'प्रोजेक्ट' शब्द सोडून त्याचं 'स्पेस' केलं.)

आता क्रियापद. 'निर्माण करा' हे हिंदीच्या वळणाचं आहे. मराठीतही निर्माण होतं, नाही असं नाही, पण वर्तमानपत्र उघडून काय काय निर्माण होतं ते पाहा: तणाव, संभ्रम, टंचाई, फार तर पेच. शुभ गोष्टी आपण वेगवेगळ्या रीतीने सुरू करतो. खातं उघडतो, संसार मांडतो, दुकान थाटतो, कारखाना उभारतो, आणि शाळा 'काढतो'. काम तर खास काढायचीच गोष्ट आहे. "दिवाळीच्या तोंडावर रंगाचं काम काढलंय" हे नाशिकच्या कुठल्याही घरात ऐकू येईल. तेव्हा 'नवीन काम काढा' हे अस्सल मराठी झालं असतं, आणि नेमकं तेच लिहिता येत नाही. 'काढणे' हे क्रियापद दोन्हीकडून चालतं. शाळा काढली म्हणजे सुरू झाली, नाव काढलं म्हणजे कीर्ती मिळवली किंवा यादीतून उडवलं, आणि माणूस कामावरून काढला म्हणजे तो घरी बसला. पडद्यावर 'काम काढा' असं बटण दिसलं तर अर्धी माणसं नवं काम टाकायला दाबतील आणि उरलेली असलेलं पुसायला. संदर्भ माणसाच्या तोंडात असतो, बटणात नसतो.

म्हणून बटणावर क्रियापदच नको. नुसतं 'नवीन काम' लिहा. सूचनेच्या वाक्यात 'नवीन कामाची नोंद करा' म्हणा आणि डिलीटसाठी 'काढून टाका'. 'टाकणे' जोडलं की संशय उरत नाही.

'फाइंड'ची गोष्ट याहून मजेची. इंग्रजीत एका शब्दात भागतं तिथे आपल्याला दोन लागतात: शोधणे आणि सापडणे. शोधतो मी, सापडतं ते. माझ्या हाती फक्त शोधणं आहे. त्यामुळे बटणावर 'शोधा' योग्यच, तिथे यंत्र चुकलं नाही. मात्र निकालाच्या जागी 'शोध परिणाम' दिसलं तर खोडा आणि 'सापडलेली कामं' लिहा. तिसरं क्रियापद 'दिसणे'. यातल्या बऱ्याच प्रणालींत एखादं काम ठरावीक माणसांपुरतं ठेवता येतं, आणि मग इतरांनी कितीही शोधलं तरी ते यादीत येत नाही. अशा वेळी 'काम सापडलं नाही' हे वाचून माणूस तेच काम नव्याने टाकून मोकळा होतो, आणि आठवड्याने एकाच ऑर्डरच्या दोन नोंदी निघतात. तेव्हा तुमच्या पानावर एक ओळ घालाच: 'काम सापडलं नाही तर आधी विचारा, ते असेल, पण तुम्हाला दिसत नसेल.' नुसती यादी वरपासून खाली बघत जाण्याला 'चाळणे' हा नेमका शब्द आहे. फिल्टर लावणं हेही चाळणंच की! पानं चाळायची आणि पीठही चाळायचं, दोन्हीला एकच क्रियापद पुरतं.

शोधल्यावर सापडायचं असेल तर नाव ठेवतानाच शोधणाऱ्याचा विचार हवा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या आठवा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी, पण गुरुजी आधी विचारतात, "मूळ गाव कुठलं? आडनाव?" तेवढ्यावर पणजोबांची सही असलेलं पान निघतं, कारण लिहिणाऱ्याने ती नोंद गाव-आडनावाखालीच लावलेली असते. तुमच्याकडेही आधी गिऱ्हाईक, मग वस्तू, मग महिना असं ठरवून टाका. 'नवीन ऑर्डर', 'अर्जंट', 'साहेबांचं काम' असली नावं दोन महिन्यांत निरुपयोगी होतात.

शुद्धलेखनही इथे हौसेचा विषय राहत नाही. एकाने 'नाशिक' लिहिलं, दुसऱ्याने 'नासिक', तर साधा शोध या दोन्हींना वेगळं समजतो. याहून चकवणारा प्रकार 'ॲ'चा. एका कळफलकावर तो सबंध एक अक्षर म्हणून उमटतो, दुसऱ्यावर अ आणि वरची चंद्रकोर अशा दोन तुकड्यांत. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. 'ॲल्युमिनियम ब्रॅकेट' समोर असून सापडत नसेल तर नुसतं 'ब्रॅकेट' शोधा.

ताईंनी शेवटी जाताजाता विचारलंय की 'क्लोज प्रोजेक्ट'ला 'काम बंद करा' चालेल का. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात हे बटण लावू नका, युनियनवाले खूश होतील. 'काम पूर्ण' लिहा. आणि पूर्ण झालेलं काम रोजच्या यादीतून बाजूला ठेवायचं, पण लागलं तर परत निघालं पाहिजे, या अवस्थेसाठी सरकारी मराठीत तयार शब्द पडून आहे: 'दप्तरी दाखल'. कचेरीतल्या जुन्या माणसांना तो समजावून सांगावा लागणार नाही, नव्यांना एकदाच सांगावा लागेल.