सजा भोगून घरी आला, मग मत का नाही?

या वेळी तीन पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून वारस नोंदीची आणि शेतरस्त्याची पत्रं पुढच्या अंकात घेते. नावं कुणाचीच देत नाहीये, तिघांनीही तसं कळवलंय.

प्रश्न (पारोळा तालुका) : वकीलताई, माझे मिस्टर बांधाच्या भांडणात ३२६ खाली (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) सजा झाली होती, ती पूर्ण भोगून २०२३ मध्ये घरी आले. आता कुणाच्या अध्यात ना मध्यात, कापूस आणि दोन म्हशी एवढंच बघतात. विधानसभेला २० नोव्हेंबर २०२४ ला आम्ही दोघं सकाळीच शाळेत लाइनीत लागलो, यादीत नाव होतं, चिठ्ठी पण घरी आलेली. आत गेलो तर एका पक्षाचा पोलिंग एजंट, आमच्याच गावातला, बाकावर बसल्या बसल्या सगळ्यांसमोर बोलला, "तुले आते मत नही शे, घर जाय." हे काहीच बोलले नाहीत, चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि फिरले माघारी. ती चिठ्ठी मी अजून बँकेच्या पासबुकात ठेवलीय. तो खरं बोलला का? आणि अशा माणसाला मत असावं का हे पण सांगा, कारण माझी सासूच म्हणते नसावं.

उत्तर : ताई, तो साफ चुकीचं बोलला. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२ चं पोटकलम ५, त्यात एवढंच आहे की मतदानाच्या दिवशी जो माणूस जेलात आहे किंवा पोलिसांच्या ताब्यात आहे त्याला मत देता येत नाही. सजा झाली होती म्हणून बाहेर आल्यावर पण मत नाही असं त्यात काही नाही. इतकंच काय, सजा झालीय पण अपील चालू आहे आणि वरच्या कोर्टानं जामिनावर सोडलंय, असा माणूस पण मत देऊ शकतो. तुमचे मिस्टर तर पूर्ण भोगून आलेत.

गावात हा घोळ होतो तो निवडणूक लढवण्याच्या नियमामुळं. दोन वर्षं किंवा जास्त सजा झाली तर आमदारकी-खासदारकीला उभं राहता येत नाही, सजेचा काळ आणि सुटल्यावर वर अजून ६ वर्षं. लोकं ते ऐकतात आणि मताला पण लावून टाकतात. उभं राहणं वेगळं आणि मत देणं वेगळं, हे तुमच्या सासूबाईंना पण सांगा.

आणि एजंटाचा अधिकार किती ते पण ऐका. विधानसभा-लोकसभेला एजंट फक्त ओळखीवर हरकत घेऊ शकतो, म्हणजे हा माणूस तो नाहीच, दुसराच कुणी त्याच्या नावावर मत टाकायला आलाय, एवढंच. त्यासाठी पण त्याला केंद्राध्यक्षांकडे आधी २ रुपये जमा करावे लागतात आणि मग केंद्राध्यक्ष चौकशी करून ठरवतात. हा कोण, याच्यावर काय केस होती, हे बोलायचा त्याला काडीचा अधिकार नाही. पुढच्या वेळेस कुणी असं बोललं तर एजंटाशी बोलूच नका, सरळ केंद्राध्यक्षांच्या टेबलाशी जा आणि म्हणा, साहेब, यादीत नाव आहे, ओळखपत्र आहे, मत द्यायचंय.

आता असावं का. ताई, असावंच. जजसाहेबांनी निकालात किती वर्षं आणि किती दंड ते लिहिलं, त्यात मत काढून घेतलं असं कुठंच लिहिलेलं नाही, मग ही जादाची सजा त्या एजंटानं कोणत्या कोर्टाच्या हुकमानं दिली? कापसाला भाव मिळाला नाही तर तो तुमच्या मिस्टरांना पण मिळत नाही, डीपी जळाली तर त्यांचं पण पाणी बंद. मग ते कोण ठरवणार त्यात यांचं बोट का नको.

मी अमळनेरच्या कोर्टात बसते. एकदा एक बाबा आले होते, नाशिकच्या जेलातून सुटून आठ दिवस झालेले, हातात कॅरीबॅग, त्यात सगळे कागद, वर रबर लावलेला. म्हणे, ताई, रेशनकार्डावर नाव नाही, मतदार यादीत नाव नाही, मी आहे का नाही तेच समजत नाहीये. मला ते वाक्य रात्री झोपू देईना. म्हणून सांगते, ज्यांचं नाव आत असताना कमी झालंय त्यांनी गप्प बसू नका. जेलात आहे म्हणून जेल हा त्याचा राहता पत्ता धरत नाहीत, असं १९५० च्या कायद्यात आहे, आणि २०१३ ला संसदेनं कलम ६२ मध्ये दुरुस्ती केली की आत असल्यामुळं मत देता आलं नाही तरी तो मतदार म्हणून संपत नाही. नाव गेलंच असेल तर फॉर्म ६ भरा, बीएलओ (गावातलं मतदार यादीचं काम बघणारा) नाही म्हणाला तर तहसीलला द्या, तिथं नाकारलं तर कलेक्टरकडे अपील करता येतं.

प्रश्न (धुळे शहर) : माझ्या दुकानात चोरी झाली, चोर सापडला, त्याला सजा पण झाली. आता तो आणि मी एकाच वॉर्डात मत देतो. तुम्ही वकील लोक त्यांचीच बाजू घेता. ज्यानं कायदा मोडला त्यानं कायदा करणारे निवडायचे, हे तुम्हाला पटतं?

उत्तर : दादा, तुमचं नुकसान झालं, राग येणारच, आणि चोराची बाजू मी घेत नाहीये. त्याची सजा त्यानं भोगली, ती कमी वाटत असेल तर ते वेगळं भांडण, त्यात मी तुमच्या सोबत आहे.

पण मत हे चांगल्या चालचलणुकीचं बक्षीस धरलं ना, की मग चालचलन कोण तपासणार हा प्रश्न येतो. आज चोर काढाल, उद्या दारूच्या केसवाला, परवा ज्यानं मोर्च्यात रस्ता अडवला तो. तुमच्याच धुळ्याच्या जेलात १९३२ ला विनोबा होते, साने गुरुजी होते, विनोबांची गीतेवरची प्रवचनं तिथंच झाली आणि गुरुजींनी उतरवून घेतली. ते पण सरकारच्या कागदावर कैदीच होते की. मी चोराला विनोबांच्या रांगेत बसवत नाहीये, एवढंच म्हणते की कुणाला आत टाकायचं हे सरकार ठरवतं आणि सरकार कोणतं हे मतानं ठरतं, त्यामुळं या दोघांच्या मधी भिंत लागते.

एका गुन्ह्यासाठी मात्र कायदा खरंच मत काढून घेतो, ते पण बाहेर फिरणाऱ्या माणसाचं. मतासाठी पैसे देणं किंवा घेणं, धाकदपटशा, दुसऱ्याच्या नावानं मत टाकणं, यात कोर्टात दोषी ठरला तर ६ वर्षं मत बंद, कलम ११-क. हे मला पटतं, कारण तिथं गुन्हा मताचाच आहे. आता तुमच्या वॉर्डात मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं फिरतात का नाही ते तुम्हीच आठवा, आणि त्यासाठी कुणाचं मत गेलेलं ऐकलंय का ते पण. तुमचा राग तिकडं लावा दादा, तिथं त्याची गरज आहे.

प्रश्न (यावल तालुका) : मी केळीच्या बागेत मजुरीला जाते. माझा मुलगा १४ महिन्यांपासून जेलात आहे, केस अजून चालू पण झाली नाही. कोर्टानं जामीन दिला पण जामीनदार पाहिजे सातबारावाला, आमच्याकडे कोण उभं राहील? पहिल्यांदाच त्याचं नाव यादीत आलं होतं. त्याला मत देता येईल का?

उत्तर : माय, आत असेपर्यंत नाही. आणि हे लिहिताना मला लाज वाटते, कारण तुमच्या पोरावर अजून काहीच सिद्ध नाही. सजा झालेला पण जामिनावर बाहेर असलेला मत देतो आणि सजा न झालेला गरिबीमुळं आत राहिलेला देत नाही. देशातल्या जेलात दर चारातले जवळपास तीन कैदी असेच कच्चे कैदी आहेत, म्हणजे केस चालू असलेले. अजून एक ऐका, एमपीडीएखाली, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच आत ठेवायच्या राज्याच्या कायद्याखाली, ज्याला धोकादायक म्हणून स्थानबद्ध करतात त्याला पोस्टानं मत देता येतं, कारण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला कायद्यात सूट आहे. म्हणजे पोस्टाची सोय आहे, ती जेलापर्यंत पोचते पण, फक्त तुमच्या मुलाच्या बराकीपाशी थांबते. २०२४ ला बारामुल्लाहून तिहारमधला एक कच्चा कैदी लोकसभेवर निवडून आला, म्हणजे आतून उभं राहता येतं, जिंकता येतं, पण मत देता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९७ ला ही बंदी योग्य ठरवली, पोलीस बंदोबस्त पुरणार नाही हे पण एक कारण दिलं. कोर्टाचा मान ठेवून सांगते, मला ते पटलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९९ पासून कैदी मत देतात, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं २००२ ला सजा झालेल्यांना पण हक्क दिला. निदान कच्च्या कैद्यांना तरी पोस्टाचं मत मिळालंच पाहिजे, आणि हे मी वकील संघाच्या बैठकीत पण बोलते, इथं पण लिहिते.

पण तुमचं काम मताच्या आधीचं आहे. जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्या वकिलाला सांगा की जामीनदाराची अट हलकी करायचा अर्ज करा, जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर सोडा म्हणावं. शिवाय नव्या बीएनएसएस कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ नं, पहिलाच गुन्हा असेल आणि त्याच्या मोठ्यात मोठ्या सजेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर सोडायला पाहिजे, फाशी-जन्मठेपेची कलमं सोडून, आणि अजून दुसरी केस नसेल तर. कलम कोणतं लावलंय ते पत्रात नाही, ते बघावं लागेल. जाताना जामिनाच्या ऑर्डरची झेरॉक्स, पोराचं आधार आणि त्याचं मतदार कार्ड सोबत ठेवा. प्राधिकरणात कुणी उद्या या म्हणालं तर तिथंच बसा आणि मासिकाच्या नंबरवर फोन करा, मी बोलते त्यांच्याशी.