शेवटच्या वर्षी मर्सिडीजने हॅमिल्टनला मुद्दाम मागे ठेवलं होतं का?

तुम्ही विचारलंय की लुईस हॅमिल्टन पुढच्या वर्षी फेरारीत जाणार हे आधीच जाहीर झालेलं असताना फॉर्म्युला वन रेसिंगमधल्या मर्सिडीज टीमने 2024 मध्ये वर्षभर त्याला दाबून टीमचा दुसरा ड्रायव्हर जॉर्ज रसेल याला पुढे केलं का. मी काही इंजिनिअर नाही. ठाण्यात कोलशेत रोडला माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. रविवारी रेस असली की शटर अर्धं खाली ओढायचं आणि मोबाइलवर फॅनकोड लावायचं, एवढाच माझा अधिकार. त्यावर सांगतो: मुद्दाम असं काही नव्हतं.

शंका कुठून आली ते कळतं. घोषणा 1 फेब्रुवारीला झाली, पहिल्या रेसच्या महिनाभर आधी. पुढे 24 रेस त्याच माणसांबरोबर काढायच्या. मोनाकोच्या रेसला नवीन फ्रंट विंग, म्हणजे गाडीच्या नाकावरचा पंख, एकच तयार होतं, ते रसेलच्या गाडीला लागलं. तिथेच हॅमिल्टन बोलून गेला की क्वालिफाइंगमध्ये (रेसच्या आदल्या दिवशी एकेका वेगवान लॅपवर सुरुवातीची जागा ठरते ते) आता आपण जॉर्जच्या पुढे असू असं वाटत नाही. झालं, लोकांना धागा मिळाला. पुढच्याच रेसला, कॅनडात, ते विंग दोघांच्याही गाडीला होतं, पण हे कुणी सांगत नाही.

वर्षअखेर रसेलचे 245 गुण, हॅमिल्टनचे 223. विजय दोघांचे दोन-दोन. पण क्वालिफाइंगमध्ये 24 पैकी 19 वेळा रसेल पुढे. गाडीच खराब दिली असती तर ती रविवारच्या रेसला कशी काय सुधारायची? शिवाय बक्षिसाचे पैसे टीमच्या एकूण गुणांवर मिळतात. स्वतःच्या गल्ल्यातले अर्धे पैसे खाडीत फेकणारा शेठ मी तरी अजून पाहिलेला नाही.

माझ्या मते खरी गोम ड्रायव्हिंगच्या सवयीत होती. हॅमिल्टन उशिरा आणि जोरात ब्रेक मारून गाडीचं नाक आत घालतो. 2022 पासूनच्या गाड्या जमिनीला चिकटून, कडक सस्पेन्शनवर पळायच्या. त्यांत असा ब्रेक मारला की मागची बाजू सटकायची. एकाच लॅपमध्ये टायर बरोबर तापवून सगळं साधायचं असतं तिथे हे नडतं. पन्नास-साठ लॅप टायर पुरवायचे असतील तर मात्र हा माणूस अजून भल्याभल्यांना ऐकत नाही.

टायरवरून आठवलं, बेल्जियमची रेस. रसेलने टायर बदलायला एकदाच थांबून, म्हणजे एकाच पिटस्टॉपवर, रेस काढली आणि अर्ध्या सेकंदाने हॅमिल्टनच्या पुढे पहिला आला. नंतर वजन केलं तर गाडी 798 किलोच्या किमान मर्यादेपेक्षा दीड किलो कमी. रसेल बाद, हॅमिल्टन विजेता. गिऱ्हाईक हसलं, म्हणालं दीड किलो कुठे गेलं? मी त्याला एक गुळगुळीत झालेला टायर उचलायला दिला आणि मग तसाच नवा. घासलेलं रबर वजनातूनच जातं. टीमनेही टायरची झीज हे एक कारण सांगितलं होतं.

आता दुसरी बाजू, जी मला स्वतःच्या दुकानात कळली. माझ्याकडे चौदा वर्षं एक मिस्त्री होता. एकदा गणपतीच्या आधी म्हणाला, "शेठ, दिवाळीपर्यंत आहे मी, मग कळव्याला स्वतःचं टाकतोय." मी म्हटलं चांगलं आहे, आणि मनापासून म्हटलं. त्याच महिन्यात नवीन थ्रीडी मशीन आलं. शिकवायला कंपनीचा माणूस आला तेव्हा मी उभं केलं ते एकोणीस वर्षांच्या पोराला. मिस्त्रीला कुणी नको म्हटलं नव्हतं. तो बाहेर पंक्चर काढत बसला होता आणि मी हाक मारली नाही, एवढंच. पुढच्याच आठवड्यात त्याने एका गाडीचे नट नीट आवळले नाहीत. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला ओरडलो. ओरडायला नको होतं.

एफ-वनमध्येही जाणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या गाडीच्या गोष्टींपासून हळूहळू लांब ठेवायची रीतच आहे, कारण तो त्या डोक्यात घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणार. हॅमिल्टनच्या जागी अठरा वर्षांचा किमी अँटोनेली येणार हेही सप्टेंबर उजाडायच्या आत जाहीर झालं होतं. याला दगाबाजी म्हणता येत नाही, पण माणसाला ते जाणवतंच. कतारला बघा: स्टार्टला गाडी आधीच हलली म्हणून दंड, मग पंक्चर, मग पिटलेनमध्ये (टायर बदलायला जातात त्या गल्लीत) वेग जास्त म्हणून आणखी दंड, शेवटी बारावा. आपला वेग आता राहिला नाही असंही तो त्याच वीकेंडला बोलून गेला. मला तेव्हा ते नट आठवले.

आणि त्याच वर्षी इंग्लंडमधली सिल्व्हरस्टोनची रेस! आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू झाली, बाहेर जुलैचा पाऊस, तिथेही पाऊस. ओल्यातून कोरड्यावर येताना हॅमिल्टनने बरोबर वेळेला सॉफ्ट टायर घेतले. साधारण अडीच वर्षांनी जिंकला, त्या ट्रॅकवर नवव्यांदा, आणि बापाच्या गळ्यात पडून रडला. दुकानात आम्ही चौघे होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तरीही शंका उरली असेल तर अबुधाबीची शेवटची रेस बघा. क्वालिफाइंगमध्ये टीमने त्याला उशिरा बाहेर सोडलं, त्यात मॅग्नुसेन या दुसऱ्या टीमच्या ड्रायव्हरने उडवलेला ट्रॅकवरचा खांब त्याच्या गाडीखाली अडकला, आणि तो क्वालिफाइंगच्या पहिल्याच टप्प्यात बाद झाला. टीमचा प्रमुख टोटो वोल्फ याने चूक आमची म्हणून माफी मागितली. रेसला सोळाव्या जागेवरून निघून, सुरुवातीला हार्ड टायरवर तग धरून, शेवटच्या लॅपला तो रसेलच्या मागे पोचला. झगडा चौथ्या जागेचा. टीमला कोण चौथा आणि कोण पाचवा याने काहीच फरक पडत नव्हता, आणि रसेलला जपायचं असतं तर रेडिओवर "जागा बदलू नका" एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते आलं नाही. हॅमिल्टन नवव्या वळणावर बाहेरच्या बाजूने निघून गेला.