वाचकांचे प्रश्न : चापोऱ्याच्या किल्ल्यावर एक दिवस

प्रश्न : ‘दिल चाहता है’ सिनेमातला गोव्याचा चापोरा किल्ला बघायचं ह्यांच्या मनात कॉलेजच्या दिवसांपासून आहे. आम्ही फोंड्याहून पाच जण : दोघं, १२ आणि ८ वर्षांची मुलं, आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. डिसेंबरात बसनं जाऊन, सूर्यास्त बघून रात्री घरी पोचता येईल का?
— एक गृहिणी, फोंडा

उत्तर : जाल आरामात, अडाल परतताना. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात पायवाट दिसेनाशी होते. सातनंतर म्हापशाकडच्या बसही विरळ होतात, आणि तुम्हाला पुढे पणजी आणि फोंडा अशा आणखी दोन बस धरायच्या आहेत. मुलं आणि सासूबाई बरोबर असताना सूर्यास्ताचा हट्ट सोडा आणि सकाळी जा.

फोंड्याहून साडेसहाची बस धरा. पणजीला उतरून कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बससेवेच्या) स्थानकावरून म्हापशाची शटल घ्यायची, अंतर १३ किलोमीटर. म्हापशात भाजी-पाव खाऊन घ्या, वर काही मिळेल असं धरून चालू नका. तिथून वागातोर-चापोऱ्याला जाणाऱ्या खाजगी बस असतात, ते अंतर साधारण १० किलोमीटर. कंडक्टरला ‘चापोरा गाव’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘किल्ला’ म्हटलंत तर वागातोरला उतरवील, आणि त्या बाजूचा चढ जास्त उभा आहे. पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, स्वस्त पडतो, पण मागं एकच माणूस बसतो. पाच जणांना त्याचा उपयोग नाही.

शुक्रवार टाळा, म्हापशाच्या बाजारात बस रांगतात. बुधवारीही नको, हणजुण्याच्या (अंजुनाच्या) बाजारामुळे तो सगळा रस्ता तुंबतो.

चढ पंधरा-वीस मिनिटांचाच. त्याचं भय नको. माणसं पडतात ती उतरताना. डोंगर जांभ्याचा आहे. वरचा थर झिजून वाटाण्याएवढे गोल खडे सुटतात आणि खालच्या कडक कातळावर पसरून राहतात. चढताना भार चवड्यावर असतो, त्यामुळे निभावतं. उतरताना तो टाचेवर येतो, टाचेखालचे खडे गोट्यांसारखे पळतात आणि माणूस धप्पकन बसतो. म्हणून पाऊल आडवं टाका, पावलं आखूड ठेवा, गुडघे किंचित वाकवा. तळाला खोल नक्षी असलेले रबरी बूट घाला. कोल्हापुरी आणि झिजलेल्या स्लिपर घरीच बऱ्या.

माणशी एक लिटर पाणी घ्या. वर पाणी नाही, सावली नाही, शौचालय नाही. साडेनऊपर्यंत वर पोचलात तर अकराच्या आत खाली या. त्यानंतर चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, तापतो.

सासूबाईंबद्दल स्पष्टच सांगतो. गावाकडून चढ सौम्य असला तरी शेवटचा टप्पा दगडधोंड्यांचाच आहे. त्यांना खाली चापोऱ्याच्या जेटीकडे कुणाच्या सोबतीनं बसवा, ट्रॉलर आणि मासळी बघण्यात वेळ छान जातो. परतताना म्हापशात देव बोडगेश्वराचं दर्शन होईल, त्याला चढ नाही. किल्लाच दाखवायचा असेल तर त्यांना वेगळ्या दिवशी टॅक्सीनं आग्वादला न्या, तिथं वरच्या किल्ल्याच्या दाराजवळपर्यंत गाडी जाते.

प्रश्न : सिनेमातल्यासारखा तटावर पाय सोडून फोटो काढायचा आहे. कितपत सुरक्षित?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, डिचोली

उत्तर : पाय बाहेर सोडून बसूच नका. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो. दगड स्वतः पक्का असतो. घात करतात ते सांधे. मधला चुना शेकडो पावसाळ्यांत धुऊन गेला की वरचा चिरा नुसता ठेवल्यासारखा उरतो. पाय आत ठेवून बसण्याआधीही तळहात टेकवून दाबून बघा. हलला, किंवा सांध्यातून लाल भुकटी गळली, तर ती जागा सोडा. तटाच्या आत उभं राहिलात तरी मागं समुद्र येतोच. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असतो, त्यामुळे चेहरे उजळ येतात. संध्याकाळच्या गर्दीत काढलेल्या फोटोंत बहुतेकांच्या काळ्या सावल्याच दिसतात. त्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी!

मोबाइलवर घरगुती चित्रण ठीक. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर आधी गोवा मनोरंजन सोसायटीकडे अर्ज करावा लागतो.

प्रश्न : सिनेमाखेरीज तिथं बघण्यासारखं काय आहे?
— एक शिक्षक, पेडणे

उत्तर : आत बरंचसं मोकळं पठार आहे, वाडे-महाल शोधत जाल तर निराश व्हाल. बघायचा तो तट आणि बुरूज. डोंगराच्या वळणाबरोबर तट कसा वळत गेला आहे ते एक फेरी मारल्यावरच कळतं. उत्तरेला शापोरा (चापोरा) नदीचं मुख आणि पलीकडे मोरजी. नदीत शिरणारं प्रत्येक गलबत इथून दिसत असणार, हे तिथं उभं राहिलं की वेगळं सांगावं लागत नाही. आदिलशाहीच्या काळातल्या ठाण्यावरून ‘शहापूर’ आणि त्याचं ‘चापोरा’ झालं असं मानतात. पोर्तुगीजांनी १६१७ मध्ये किल्ला बांधला, १६८४ मध्ये संभाजीराजांच्या फौजांनी तो घेतला. आजचं बांधकाम मुख्यतः पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये पुन्हा केलेलं. १८९२ मध्ये पोर्तुगीजांनी तो सोडून दिला. बाहेरच्या उतारावर मुसलमानी थडगी आहेत, ती पायवाटेवरून घाईनं जाताना हमखास चुकतात.

प्रश्न : जुलैमध्ये हिरवळ असते, तेव्हा गेलो तर?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दृश्य उत्तम, पाय धोक्यात. चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि गुडघाभर गवतात तटाची कडा दिसत नाही. पाऊस थांबून दोन-तीन दिवस ऊन पडलं असेल तरच जा, आणि कडेपासून दोन हात आत चाला. ढग गडगडू लागले की लगेच खाली उतरा. उघड्या माथ्यावर आसरा नाही, आणि उंच, उघड्या जागी वीज पडण्याचा धोका जास्त.