जिंकलेला डाव बरोबरीत कसा काय?

प्रश्न : राजा आणि दोन उंट विरुद्ध राजा आणि घोडा, अशी एक पोझिशन मी दोन वेगवेगळ्या टेबलबेसमध्ये (कमी मोहऱ्यांच्या सगळ्या पोझिशनची उत्तरं आधीच काढून ठेवलेला साठा) टाकून बघितली. एक म्हणतो पांढऱ्याची मात सत्तरएक चालींत आहे, दुसरा म्हणतो बरोबरी. दोघांनाही म्हणे सगळं शंभर टक्के माहीत असतं, मग खोटं कोण बोलतंय?

उत्तर : कोणीच नाही! दोघांना तुम्ही वेगवेगळे प्रश्न विचारलेत, एवढंच. टेबलबेस इंजिनसारखा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमसारखा, अंदाज बांधत नाही. तो मात झालेल्या पोझिशनपासून उलटा निघतो, याच्या एक चाल आधी पटावर काय काय असू शकेल, त्याच्याही आधी काय, असं करत करत त्या मोहऱ्यांच्या सगळ्या पोझिशन संपेपर्यंत मागे जातो आणि प्रत्येकीपुढे उत्तर लिहून ठेवतो. आता उत्तर कशाचं लिहायचं हे बनवणारा ठरवतो. जुने नालिमोव टेबलबेस मात किती चालींवर आहे ते सांगतात आणि 50 चालींचा नियम (दोन्ही बाजूंच्या 50-50 चालींत काहीच मारलं गेलं नाही आणि प्यादंही हललं नाही तर बरोबरी मागता येते) त्यांच्या गावीही नसतो. 2013 मध्ये रोनाल्ड डी मान यांनी आणलेला सिझिजी टेबलबेस मात मोजतच नाही, पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती लांब आहे ते मोजतो, कारण या 50 चाली मोजणारा काऊंटर शून्यावर येतो तो तेव्हाच. ते अंतर 50 च्या पलीकडे गेलं की सिझिजीच्या हिशोबात जिंकलेली पोझिशनसुद्धा बरोबरी. बुद्धिबळवाले याला कर्स्ड विन म्हणतात, आणि समोरच्या बाजूने बघितलं तर ब्लेस्ड लॉस.

तुम्ही नेमकी दोन उंटांचीच पोझिशन घेतलीत म्हणून सांगतो, हिचा इतिहास मस्त आहे. एकोणिसाव्या शतकात क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी दाखवलं होतं की घोडा बी 7 सारख्या घरात आणि राजा त्याला चिकटून असेल तर उंटांना आत शिरता येत नाही, म्हणजे तो एक किल्लाच होतो, आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं सगळे ही बरोबरीच धरून चालले. मग 1983 च्या सुमाराला केन थॉम्प्सन यांनी कॉम्प्युटरवर सगळ्या पोझिशन तपासल्या तर निघालं भलतंच, तो किल्ला फोडता येतो, घोडा पळून दुसऱ्या कोपऱ्यात परत किल्ला बांधायला बघतो, पण सर्वसाधारणपणे जिंकतात उंटच. फक्त घोडा मारायला वाईटात वाईट स्थितीत 66 चाली लागतात. 66! नियम 50 चा, आणि तुमची पोझिशन नेमकी त्या फटीत पडलीये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेबलबेस काऊंटर शून्य धरून उत्तर देतो. म्हणजे घोडा मारायला 40 चाली लागणार असतील तर तो बिनदिक्कत विजय लिहील, पण तुमच्या खऱ्या डावात आधीच 20 चाली नुसत्या इकडून तिकडे करण्यात गेल्या असतील तर तो विजय तुम्हाला मिळत नाही, आणि पट बघून ते कळायला काही मार्गच नाही. फेन (पोझिशन एका ओळीत लिहायची पद्धत) कॉपी करता तेव्हा पाचवा आकडा बघत जा, तो हाच काऊंटर असतो, फक्त अर्ध्या चालींत मोजलेला, म्हणजे तिथे मर्यादा 100.

प्रश्न : मग फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) 50 चालींची मर्यादा वाढवत का नाही?

उत्तर : वाढवून झालंय की. काही ठरावीक एंडगेमना (थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यांना) मधल्या काळात 75, कधी 100 चालींची सूट होती. पण कॉम्प्युटर रोज नवीन अपवाद शोधून काढणार आणि पंचाने कुठल्या मोहऱ्यांना किती चाली याची यादी खिशात घेऊन फिरायचं, हे कसं चालणार? 1992 मध्ये सगळे अपवाद काढून टाकले, आणि माझ्या मते बरंच केलं. सात मोहऱ्यांमध्ये तर 500 हून जास्त चालींच्या माती सापडल्यात, त्यासाठी कोण बसणार आहे! पत्रबुद्धिबळात मात्र तिथली जागतिक संघटना आयसीसीएफ टेबलबेसचा विजय 50 चालींकडे न बघता मान्य करते, तिथे बसायचा प्रश्नच नाही.

प्रश्न : 50 चाली झाल्या की डाव आपोआप बरोबरीत सुटतो ना?

उत्तर : नाही, मागावी लागते. चाल खेळायच्या आधी ती कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचाला बोलवायचं. मोजणी चुकली तर समोरच्याला 2 मिनिटं जास्त मिळतात. कोणी मागितलीच नाही तर 75 चालींना पंच स्वतः डाव थांबवतो, हा नियम 2014 पासून आहे. 75 व्या चालीला मात झाली तर मात धरतात.

प्रश्न : माझं इंजिन जिंकलेल्या डावात उगाच वजीर का देतं?

उत्तर : सिझिजी जोडलेला असेल ना? त्याला मात लवकर नकोय, काऊंटर लवकर शून्यावर हवाय. समोरच्याला वजीर मारायला लावला की काऊंटर शून्य, आणि उरलेल्या मोहऱ्यांनी डाव तरीही जिंकलेलाच असेल तर त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलं नाही. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो भाग वेगळा.