गुलमर्गसाठी साडेचौदा हजारांचे मिटन्स घ्यावेत का?

प्रश्न : मी २९ वर्षांची, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी. हातात पगार ६८,००० येतो. दरमहा १२,००० ची एसआयपी आहे, घरी सांगलीला १४,००० पाठवते. महिन्याचा खर्च सगळं धरून ४२,००० च्या आसपास. अडीअडचणीसाठी १,१०,००० बाजूला आहेत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गला सात दिवसांचा स्नोबोर्डिंगचा नवशिक्यांचा कोर्स करणार आहे. विमान, टॅक्सी, राहणं, कोर्स असा एकूण खर्च ८४,०००. त्यासाठी वर्षभर आरडी भरली होती. फीमध्ये बोर्ड आणि बूट येतात, हातमोजे नाहीत. तिथे हातमोजे रोज २०० रुपये भाड्याने मिळतात. पुण्यात ३,४०० चे मिटन्स (चारही बोटं एकाच पिशवीत जाणारे हातमोजे) पाहिलेत, त्यांच्या आत घालायचे पातळ हातमोजे ९०० चे आहेत. एका परदेशी कंपनीचे चामडी मिटन्स १४,५०० ला आहेत आणि त्यावर सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय मिळतोय. माझी बोटं ऑफिसच्या एसीतसुद्धा गार पडतात. मैत्रिणी म्हणतात, हातमोजे घेशील तर चांगलेच घे. बाबा म्हणतात, सात दिवसांसाठी भाड्याने घे. काय करू?

उत्तर : मधला पर्याय घ्या. ३,४०० चे मिटन्स आणि ९०० चे आतले हातमोजे, मिळून ४,३००. रोख घ्या, ईएमआय नको. भाड्याचे हातमोजे अडीनडीला असू देत. या यादीत तुम्ही न लिहिलेली एक वस्तू मात्र मी घालणार आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी बाबांचं म्हणणं, कारण आकड्यांत ते बरोबर वाटतं. सात दिवसांचं भाडं १,४००. तुमचे मिटन्स ४,३०० चे. म्हणजे २,९०० जास्त, आणि नंतर ते कपाटात पडून राहणार. पण हातमोज्यांची तुलना फक्त हातमोज्यांशी केली तर हा हिशेब अर्धाच होतो. तुम्ही ८४,००० रुपये सात दिवस बर्फावर उभं राहण्यासाठी देताय. म्हणजे एक दिवस १२,००० ला पडतो. हात ओले झाले, बोटं बधिर झाली की माणूस शिकत नाही, चहाच्या टपरीत जाऊन बसतो. त्या २,९०० रुपयांच्या बदल्यात सात दिवसांत मिळून एका दिवसाचा चौथा हिस्सा जरी वाचला, तरी पैसे वसूल झाले. नवशिक्याचा चौथा हिस्सा दिवस वाया जायला एक ओली दुपार पुरते.

आणि स्नोबोर्डमध्ये हात ओले होतातच. स्की करणाऱ्याच्या हातात काठ्या असतात, त्याचे हात बरेचसे बर्फापासून दूर राहतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. पडलात की हात टेकून उठायचं, बाइंडिंगचे, म्हणजे बूट फळीला जखडणारे पट्टे आवळायचे तर बर्फातच बसायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हेच शंभरदा होतं. नवशिक्यांना खालच्या, गावाजवळच्या उतारांवर शिकवतात. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, गोंडोल्याचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं अफरवट डोंगरावरचं वरचं स्टेशन ३,९५० च्या आसपास. हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने वर सुमारे आठ अंश जास्त थंडी. तुम्ही या वेळी वर शिकायला जाणार नाही. म्हणून अफरवटच्या थंडीसाठी बनवलेल्या मालाचे पैसे आज भरू नका. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला सगळ्यात कडक थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालतो, म्हणजे तुमचा कोर्स त्याच्या शेपटीत येतो. खालीही थंडी कडक असेल. पण खालच्या उतारावर तुमच्या बोटांना जास्त त्रास पाण्याचा होईल. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीने उष्णता ओढून नेतं. ओला हातमोजा कितीही जाड असला तरी उपयोगाचा राहत नाही.

भाड्याच्या हातमोज्यांबद्दल माझी हरकत इथेच आहे. तो हातमोजा हंगामभर रोज वेगळ्या हातात जातो. आतलं भरण दबलेलं असतं, बोटांच्या बेचक्यात शिवण सैल झालेली असते, आदल्या दिवशीचा ओलावा पूर्ण गेलेला नसतो. एक-दोन तास बर्फात खेळून परतणाऱ्या पर्यटकाला तो चालतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ उतारावर राहणाऱ्याला नाही.

आता पाचबोटी की मिटन? तुमच्या बाबतीत मला शंकाच नाही. मिटन. चार बोटं एका पिशवीत राहिली की एकमेकांची ऊब धरतात, आणि थंड हवेला लागणारा पृष्ठभाग कमी होतो. पाचबोटी हातमोज्याचा फायदा म्हणजे बोटं सुटी राहतात. पण स्नोबोर्डमध्ये त्याची गरज कमी पडते. काठी धरायची नाही, आणि बाइंडिंगचा दातेरी पट्टा मिटन घालूनही ओढता येतो. फोन काढायचा, चेन लावायची तर मिटन काढा, आत पातळ हातमोजे आहेतच. ९०० रुपयांची ती जोडी म्हणूनच मी यादीत ठेवली. ती लोकरीची किंवा पॉलिएस्टरची हवी, सुती अजिबात नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं.

एसीत बोटं गार पडतात हे तुम्ही सहज लिहिलंय, पण मी त्यावर थांबलो. गार पडणं वेगळं आणि पांढरी पडून मग निळसर होणं, बधिर होणं वेगळं. दुसरं होत असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा, रेनॉडचा प्रकार (थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसण्याचा त्रास) आहे का ते विचारा. असेल तर हा प्रश्न पैशांचा उरतच नाही. डॉक्टर सांगतील तसे महागडे, अगदी बॅटरीवर गरम होणारेही घ्यायला माझी हरकत नाही.

साडेचौदा हजारांचे मिटन्स वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चांगलं चामडं मेण लावून सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं, फाटलं तर शिवता येतं. पण टिकण्याचा फायदा वापरणाऱ्यालाच मिळतो. दर वर्षी सात दिवस याप्रमाणे पाच वर्षं गेलात, तर ३५ दिवस. रोजचा खर्च ४१४ रुपये. तुमचे ४,३०० वाले तीनच हंगाम टिकले असं धरू, म्हणजे २१ दिवस, रोजचे २०५. हे तर भाड्याइतकंच झालं, आणि हात कोरडे राहिले ते वेगळं. हाच प्रश्न कॅनडातल्या कॅलगरीत राहणाऱ्या, नोव्हेंबरपासून जवळपास दर शनिवारी बॅन्फच्या डोंगरावर जाणाऱ्या मराठी वाचकाने विचारला असता तर मी त्याला डोळे झाकून महागडे घ्यायला सांगितलं असतं. हंगामात वीस दिवस, पाच हंगाम, शंभर दिवस, रोजचे १४५. वस्तू तीच, पण ती घेणं शहाणपणाचं आहे की नाही हे दिवसांवर ठरतं. तुमचा हा पहिलाच कोर्स आहे. स्नोबोर्ड तुम्हाला मनापासून आवडेल अशी माझी इच्छा आहे, पण खर्च इच्छेवर बेतू नये.

ईएमआयचं बोलू. नो-कॉस्ट म्हणजे व्याज नाही असं नसतं. बँक व्याज घेतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो आणि दोन्ही आकडे एकमेकांत वळते होतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नाही. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. बँकेचा दर १५ टक्के आणि शुल्क १९९ धरलं तर तुमच्या रकमेवर हे सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास जातं. रक्कम लहान आहे, तिच्यासाठी मी अडून बसलो नसतो. माझी खरी हरकत दुसरी आहे. तुम्ही प्रवासाचे ८४,००० वर्षभर आरडी भरून उभे केलेत. ही फार चांगली सवय आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या तुमच्या वयाच्या फार थोड्या मुलामुलींना ती असते. त्याच प्रवासाचं शेवटचं सामान हप्त्यावर घेऊन ती मोडू नका. कोर्स जानेवारीत संपेल आणि हप्ता उन्हाळ्यातही चालू राहील. आरडीत मावत नाही ती वस्तू या वर्षीच्या प्रवासाची नाही, एवढी साधी रेघ ओढा.

तुमचा आपत्कालीन निधी १,१०,०००, खर्च महिन्याला ४२,०००. म्हणजे अडीच महिने आणि थोडं वर. घरी तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं आहेत, नोकरी आयटीतली. मी सहा महिन्यांचा, म्हणजे अडीच लाखांचा निधी सांगेन. महागड्या आणि मधल्या मिटन्समध्ये १०,२०० चा फरक आहे. त्यातला मोठा भाग तिकडे वळवा. एसआयपी थांबवू नका, कमीही करू नका.

मोठा भाग म्हटलं, कारण उरलेल्यातून मनगटाचे गार्ड घ्यायचे आहेत. ही ती राहिलेली वस्तू. स्नोबोर्ड शिकणारा पडला की हात पुढे टेकतो, आणि सगळ्यात जास्त दुखापत मनगटाला होते. नॉर्वेत सुमारे पाच हजार स्नोबोर्डरांवर एक चाचणी झाली, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गार्ड घातलेल्या निम्म्या गटात मनगटाच्या ८ दुखापती, न घातलेल्यांत २९. तुम्ही दिवसभर कीबोर्डवर काम करता. मनगटाचं हाड मोडलं तर प्लास्टर बहुधा सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत पगार कापला गेला नाही तरी रजा जाईल, प्रोजेक्ट जाईल, आणि खर्च विम्याबाहेरचाही होईल. दोन हजार रुपये यासाठी धरून ठेवा. मिटन्सपेक्षाही हा खर्च मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन्हींपैकी एकच परवडत असता तर मी गार्ड घ्या आणि हातमोजे भाड्याने घ्या असं सांगितलं असतं, म्हणजे बाबांचं ऐका असं.

विम्याचंही आत्ताच बघा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत साहसी खेळांचा अपवाद आहे, पण त्याचे शब्द 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' असे आहेत. हौशी शिकणाऱ्याला तो सहसा आडवा येऊ नये. वैयक्तिक अपघात विमा असेल तर त्यातली अट वेगळी असू शकते. कंपनीचा ग्रुप विमा आणि तुमची स्वतःची पॉलिसी, दोन्हींकडे ई-मेल करून विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवरचं आश्वासन क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही.

आता दुकानात काय बघायचं. आधी गार्ड घ्या. ते मनगटावर चढवा, आतले पातळ हातमोजे घाला आणि मग मिटन घालून पाहा. गार्ड जाडसर असतो, त्यामुळे नेहमीपेक्षा एक माप मोठं लागण्याची शक्यता आहे. बोटांच्या टोकाला थोडी मोकळी जागा राहिलीच पाहिजे. घट्ट मिटन रक्त अडवतो आणि हात जास्त गार पडतात. तसाच हात घेऊन तुमच्या जॅकेटची चेन ओढा, बॅगेचं बकल उघडा आणि लावा. मग हात जरा ओला करून बाहेर काढा आणि पुन्हा घाला. स्वस्त मालात आतलं अस्तर टोकाला नीट धरलेलं नसतं. ओल्या हाताबरोबर ते उलटून बाहेर येतं आणि उतारावर थंडीत बोटं परत आत जाता जात नाहीत. असं झालं तर ती जोडी तिथेच ठेवा, कितीही सूट असो. अस्तर सुटं काढता येत असेल तर उत्तम, रात्रीत वाळतं. मनगटाला अडकवायची दोरी हवी. तळव्यावर दुहेरी थर हवा, कारण बोर्डची कड आणि पट्टे तिथेच घासतात. भरण कृत्रिम धाग्याचं असावं, ओलं झालं तरी ते थोडी ऊब धरतं. पिसांचं भरण ओलं झालं की निकामी.

गुलमर्गच्या खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी शेगडी असेल. मिटन तिच्यावर टाकू नका, अंगावरच्या कपड्याला सहन होईल इतक्याच अंतरावर तोंड उघडं करून टांगा. जास्त धग लागली तर आतला जलरोधक पडदा सुटतो. सकाळी दमट वाटलेच तर त्या एका दिवसापुरते २०० रुपये देऊन भाड्याची जोडी घ्या आणि आपले वाळू द्या.

खरेदी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. नंतर लहान मापं संपतात आणि उरलेल्या महागड्या जोडीवर नाइलाजाने हात पडतो. बिल आणि लेबल ठेवा, बदलून देण्याची मुदत आधीच विचारा. पुढच्या वर्षी दुसरा कोर्स बुक केलात आणि या मिटन्सचा तळवा झिजलेला दिसला, तर त्या चामडी जोडीसाठी महिन्याला १,००० ची आरडी सुरू करा. तेव्हा ती घ्यायला मी नाही म्हणणार नाही.