काकांच्या एअरगनपैकी कोणत्या ठेवायच्या

प्रिय मित्रा,

काकांच्या माघारी चौदा जुन्या एअरगन तुझ्याकडे आल्या, घरात जागा चारांचीच, आणि तू किमती शोधत बसलायस. ते आधी बाजूला ठेव. एकेक रायफल घे, डोळे मिटून खांद्याला लाव, मग डोळे उघड. नेमाचा पुढचा काटा मागच्या खाचेत आपसूक दिसला, तर ती तुझ्या अंगाला बसणारी.

बीएसए या इंग्रज कंपनीची एअरस्पोर्टर रायफल मात्र बिनदिक्कत ठेव. १९४८ सालची ही बनावट, आणि घडली आपल्याच बर्मिंगहॅममध्ये. स्प्रिंग ताणायचा दांडा पुढच्या लाकडाच्या पोटात दडवलाय. तो खाली ओढला की वरची तोटी, म्हणजे छर्रा भरायची फिरती खाच, उघडते; तिच्यात छर्रा डोकं खाली करून सोडायचा. भरताना नळी बिजागरीवर वाकवावी लागत नाही, त्यामुळे नेम हलत नाही. काकांच्या बंदुकीचा अक्रोडी दस्ता गाल टेकायच्या जागी गुळगुळीत झालाय, पाहिलंस का? ती झीज घालवू नकोस.

हे मुद्दाम सांगतोय. युद्धापूर्वीची एक बीएसए मी नव्यासारखी दिसावी म्हणून एका कारागिराकडे दिली होती. परत आली तेव्हा कंपनीचं तीन रायफलींचं चिन्ह घासून सपाट झालेलं. लोखंड लखलखत होतं, पण माझी बंदूक मला ओळखू येईना. अजून वाईट वाटतं.

पिस्तुलांत वेब्ली सीनियर ठेव. छर्रा सुटताना तिचा दट्ट्या मागे धावतो, त्यामुळे हाताला बसणारा धक्का निराळाच. तिसरी ठेवायची ती जर्मन बनावटीची फाइनवेर्कबाऊ ३००, दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल. चाप ओढला की नळीसकट वरचा भाग रुळांवर किंचित मागे सरकतो आणि खांद्याला काही कळतच नाही. विकलीस तर पैसे चांगले येतील, पण पुन्हा घेताना हात पोळतील. चौथी तुझी तू निवड, त्यात मी पडत नाही.

बाकीच्या दहा माहितगार माणसांनाच दे. ठेवशील त्या महिन्यातून एकदा तरी चालव, पण छर्ऱ्याशिवाय चाप ओढू नकोस. दट्ट्याच्या चामड्याच्या वॉशरला तेलाचे दोनच थेंब. जास्त झालं तर धूर आणि धडाका होतो. घरात अठराच्या आतलं कुणी येत असेल तर कपाटाला कुलूप हवंच.

शनिवारी एअरस्पोर्टर घेऊन ये. तिचा वॉशर सुकलाय असं वाटतंय, दोघं मिळून उघडू.

तुझा,
काकांचा जुना मित्र