विचारा बाईंना : सतरा लाख ट्रिबल

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्याकडे बाप-लेकीत महिनाभर वाद चाललाय. बाबा ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे भक्त. त्यातला ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा भाग मात्र त्यांना अजिबात चालत नाही. ट्रिबल नावाचे केसाळ गोळे, गुत्त्यातली मारामारी, यानाचा कप्तान कर्क याच्या अंगावर कोसळणारा त्यांचा ढीग, यात विज्ञान कुठे आहे, असं ते विचारतात. मला तर तोच भाग सगळ्यांत आवडतो. पण ‘हसू येतं’ यापलीकडे मला काही सांगता येत नाही. आणि यानावरचा अधिकारी स्पॉक ट्रिबलांच्या संख्येचा जो आकडा सांगतो, तो खरा आहे का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी आकडा, कारण तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. स्पॉक सांगतो : 17,71,561. एक ट्रिबल, दर बारा तासांनी दहा पिल्लं, तीन दिवस. म्हणजे सहा पिढ्या. मी जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा नववीच्या वर्गात हे फळ्यावर मांडायचे. बहुतेक मुलं दहाचा सहावा घात काढून दहा लाखांवर थांबायची. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, आई मेली नाही ना? मग दहा नाही, अकरा.” बरोबर! 1, 11, 121, 1331, 14641, 161051, 1771561. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. पटकथेत कुणीतरी हा हिशेब नीट बसून केलेला आहे.

आता बाबांचा प्रश्न. डॉक्टर मॅकॉय ट्रिबल तपासतो आणि म्हणतो, ही मंडळी जन्मतःच गाभण असावीत. प्रेक्षक हसतात. तुम्ही बार्शीच्या आहात, तेव्हा बाबांना करडईच्या रानात घेऊन जा आणि शेंड्यावरचा काळा मावा दाखवा. त्या माद्यांना नर लागत नाही, त्या थेट जिवंत पिल्लं घालतात, आणि आईच्या पोटात असलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. आठवड्यात शेंडा काळा का पडतो, याचं उत्तर मॅकॉयच्या त्या एका वाक्यात आहे.

मग मावा सगळं जग का व्यापत नाही? ढालकिडे त्याला खातात म्हणून. हेही त्या भागात आहे. फिरता व्यापारी सायरानो जोन्स ट्रिबल विकत हिंडतो आणि स्पॉक त्याला सुनावतो की, जिथे त्यांना खाणारे शत्रू होते तिथून तू त्यांना उचलून आणलंस. पटकथा लिहिणाऱ्या डेव्हिड जेरॉल्डच्या डोक्यात ऑस्ट्रेलियातले ससे होते. 1859 साली व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीसाठी थोडे ससे सोडले आणि पुढे त्यांनी अख्ख्या खंडाची कुरणं फस्त केली. हा भाग 29 डिसेंबर 1967 रोजी अमेरिकेत एनबीसीवर लागला तेव्हा जेरॉल्ड अवघा तेवीस वर्षांचा होता, आणि त्याची विकली गेलेली ही पहिलीच पटकथा.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. या भागातला प्रत्येक विनोद कामाला लागलेला आहे. कर्क जेवण देणाऱ्या यंत्रातून चिकन सँडविच आणि कॉफी मागवतो, तर ताट ट्रिबलांनी भरलेलं! हसू येतं. त्याच क्षणी यानाचा इंजिनिअर स्कॉटी सांगतो की ते हवेच्या झरोक्यांतून यंत्रात शिरलेत, आणि कर्कच्या लक्षात येतं की तसे झरोके के-7 या अंतराळस्थानकावरच्या धान्यकोठारातही आहेत. तिथे शर्मन्स प्लॅनेट या ग्रहावरच्या वसाहतीसाठी राखलेलं बियाणं आहे : क्वाड्रोट्रिटिकेल, गहू आणि राय नावाचं तृणधान्य यांचा संकर. (ट्रिटिकेल हे खरंखुरं पीक आहे, पुढचा ‘क्वाड्रो’ तेवढा जेरॉल्डचा.) म्हणजे ताटातला विनोद हाच कथेतला दुवा ठरतो.

कोठाराचं दार उघडतं आणि कर्क ट्रिबलांखाली गाडला जातो. बाबांना इथे पोरकटपणा दिसतो. त्यांना म्हणावं, पुढची दोन मिनिटं पुन्हा बघा. त्या ढिगातले कितीतरी ट्रिबल मेलेले आहेत, उरलेले मरायला टेकलेत. धान्यात विषाणू घातलेला आहे. तो पोटात गेला की रक्तात एक निष्क्रिय पदार्थ साचत जातो, इतका की शेवटी शरीराला अन्नच घेता येत नाही. धान्याने भरलेल्या कोठारात ते उपाशी मेले, हे कर्कला आधी खरंच वाटत नाही. मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्या माजघरात ज्वारीची कणगी होती आणि पेरणीचं बियाणं आई वेगळं, राखेत घोळून ठेवायची. बियाणं बिघडलं तर काय होतं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ते धान्य पेरलं, खाल्लं गेलं असतं, तर वसाहतीतली माणसं त्याच मरणाने गेली असती. ज्यांना सगळे उपद्रव समजत होते त्या मुक्या जिवांनी ते आधी अंगावर घेतलं. हसता हसता हे समोर आलं, म्हणून ते मला इतकं लागलं.

माझी तक्रार आहे ती शेवटाबद्दल. स्कॉटी सगळे ट्रिबल शत्रूच्या, म्हणजे क्लिंगॉनांच्या जहाजावर, त्यांच्या इंजिनघरात पाठवून देतो आणि सगळे हसतात. ट्रिबल क्लिंगॉनांना बघून किंचाळतात, त्यावरूनच तर धान्यात विषाणू घालणारा, माणसाचं सोंग घेतलेला क्लिंगॉन हेर डार्विन पकडला गेला. ज्यांनी माणसांना वाचवलं त्यांना शत्रूच्या हवाली करायचं? मला ते तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. या एका बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे, फक्त कारण वेगळं.

प्रश्न : या भागात यान चालवणारा सुलू का दिसत नाही?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : सुलूचं काम करणारा जॉर्ज टाकेई तेव्हा जॉन वेनच्या एका युद्धपटाच्या चित्रीकरणात अडकला होता. म्हणून यानावरच्या चेकॉव्ह या दुसऱ्या पात्राला इतका वाव मिळाला.

प्रश्न : ढीग कोसळून झाल्यावरही कर्कच्या डोक्यावर एकेक ट्रिबल पडतच राहतो. चित्रीकरणातली चूक समजायची का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चित्रीकरणात वरून, कॅमेऱ्याबाहेरून माणसं ट्रिबल टाकत होती. पण 1996 साली ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेने मूळ मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त याच कथेवर एक भाग केला. त्यातला कप्तान सिस्को आणि त्याची सहकारी डॅक्स काळात मागे जाऊन त्याच कोठारात शिरतात. एका ट्रिबलमध्ये बाँब दडवलेला असतो, म्हणून ते एकेक ट्रिबल उचलून तपासतात आणि बाजूला भिरकावतात. खाली कर्क उभा! जुनी आणि नवी दृश्यं इतक्या मायेने जोडलीत की सांधा दिसत नाही. क्लिंगॉनांनी पुढे ट्रिबलांचं काय केलं, तेही वॉर्फ या क्लिंगॉन पात्राच्या तोंडून तिथेच कळतं, आणि ते ऐकताना मला वाईट वाटलं. बार्शीच्या वाचक, हे दोन्ही भाग बाबांबरोबर एका बैठकीत बघा. आधी 1967 चा, मग 1996 चा. आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा.